ठेकेदार दारातच ओळखा

घराची दुरुस्ती काढली की खर्चापेक्षाही मोठी काळजी असते ती माणसाची. काम करणारा चांगला निघाला तर घर सुधारते, वाईट निघाला तर घर आणि पैसा दोन्ही जातात. पण वाईट माणूस सहसा आपल्या खुणा आधीच दाखवत असतो. त्या पाहायला मात्र शिकायला हवे.

“भाभीजी, दो दिन का काम है. तीसरे दिन एक बूंद भी टपके तो मेरा नाम बदल देना.”

नाव बदलण्याची वेळ आलीच नाही. तिसऱ्या दिवसापासून तो माणूसच दिसला नाही.

जयपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आमचे जुने घर आहे. राज्यपालांचे निवासस्थान, मंत्र्यांचे बंगले, कडुनिंबाची झाडे, असा हा भाग. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, इथे सगळे सुखवस्तू. पण जुन्या घरांची दुखणीही जुनीच असतात. आमच्या मागच्या खोल्यांवर दगडी पट्ट्यांचे छत आहे आणि त्यावर चुन्याचा थर. काही वर्षांपूर्वी श्रावणात मागच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल दिसू लागली. मार्गशीर्षात मुलीचे लग्न ठरलेले. पाहुणे यायच्या आत घर नीट व्हावे, म्हणून आम्ही घाई केली आणि तिथेच चुकलो.

तो स्वतःहून आला होता. “पलीकडच्या गल्लीत काम चालू आहे, तुमच्या भिंतीची ओल रस्त्यावरून दिसली,” असे म्हणाला. पांढरेशुभ्र कपडे, हातात छापील कार्ड, त्यावर ‘२० वर्षांचा अनुभव’. अंगणातूनच मान वर करून त्याने छताकडे पाहिले आणि पंचावन्न हजार सांगितले. पस्तीस हजार आगाऊ, कारण ‘उद्यापासून मालाचा भाव वाढणार’. सासूबाई म्हणाल्या, “अगं, गच्चीवर जाऊन तरी पाहू दे त्याला.” पण आम्ही दोघांनी ते मनावर घेतले नाही. एवढ्या आदबीने बोलणाऱ्या माणसाला काय काय विचारायचे, असा संकोच वाटला. ह्यांनी बँकेतून पैसे काढून आणले आणि रोख दिले.

पहिल्या दिवशी चौखटीवरून, म्हणजे आपल्याकडच्या मजूर नाक्यावरून, आणलेल्या चार मजुरांनी गच्चीवरचा चुन्याचा थर उखडून टाकला. दुसऱ्या दिवशी दोघेच आले आणि दुपारी निघून गेले. तिसऱ्या दिवशी कोणीच नाही. फोन केला की एकच उत्तर, “पहुंच रहा हूं, भाभीजी.” मग फोनही बंद झाला. कार्डावरच्या पत्त्यावर हे जाऊन आले, तर तिथे वह्या-पुस्तकांचे दुकान. त्याच आठवड्यात मोठा पाऊस झाला. जिथे फक्त कोपरा ओला होता, तिथे सगळी खोली गळू लागली. लग्नासाठी घेतलेल्या साड्या, सासऱ्यांची जुनी कागदपत्रे, गाद्या, सगळे भिजले.

शेवटी समोरच्या बंगल्यातले आजोबा मदतीला आले. सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी एक म्हातारा मिस्त्री पाठवला. तो आधी गच्चीवर चढला. बादलीभर पाणी मागून वेगवेगळ्या ठिकाणी थोडे थोडे ओतले, खाली येऊन पाहिले, पुन्हा वर गेला. अर्ध्या तासाने म्हणाला, “बाईसा, छत खराब नव्हतंच. पाणी जायची परनाळ कचऱ्याने तुंबली होती आणि तिच्या कडेची जोड उघडली होती.” म्हणजे काम होते दोन-तीन हजारांचे. आता मात्र उखडलेला सगळा थर नव्याने घालावा लागणार होता.

आजोबा त्या दिवशी जे बोलले ते मी विसरले नाही. “पैसे मिळायच्या आधी जो माणूस गच्चीवर चढला नाही, तो पैसे मिळाल्यावर कशाला चढेल?”

फसवणूक काम सुरू झाल्यावर होते, असे आपण समजतो. खरे तर तिची सुरुवात पहिल्या भेटीतच होते. तो आपल्याला जोखत असतो. ही माणसे घाईत आहेत का, प्रश्न विचारतात का, हिशेब लिहून मागतात का? आपणही त्याला तेव्हाच जोखायला हवे.

पहिल्या भेटीतल्या खुणा

पुढील गोष्टींपैकी दोन-तीन जरी एकत्र दिसल्या, तरी सावध व्हा.

• न बोलावता दारात येणे आणि ‘शेजारचा माल उरला आहे, स्वस्तात करून देतो’ म्हणणे. उरलेल्या मालाने घर दुरुस्त होत नाही.

• न पाहता, न मोजता आकडा सांगणे. ओल भिंतीतल्या नळातून येते, गच्चीतून येते, न्हाणीघराच्या फरशीखालून येते किंवा जमिनीतूनही वर चढते. कारण न शोधता औषध सांगणाऱ्या वैद्याकडे आपण जाऊ का?

• ‘आजच ठरवा’ असा आग्रह. जयपुरात यासाठी बजरीचे निमित्त नेहमी सांगितले जाते. बजरी म्हणजे वाळू, आणि इथे बनास नदीची वाळू वापरायची पद्धत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये राजस्थानातील नदीपात्रांतून वाळू काढण्यावर निर्बंध घातले, ते २०२१पर्यंत चालले. त्या काळात वाळू खरोखरच महाग झाली होती. पण खऱ्या अडचणीचे नाव घेऊन खोटी घाई करणारेही असतात. भाव खरा आहे का, हे माल विकणाऱ्या दोन दुकानांत विचारले की दहा मिनिटांत कळते.

• एकूण रकमेच्या निम्म्याहून अधिक आगाऊ मागणे.

• बाकीच्यांपेक्षा फारच कमी दर. तिघांनी साठ-पासष्ट हजार सांगितले आणि चौथा पस्तीस म्हणाला, तर तो एक तर सिमेंट कमी घालणार, नाही तर अर्ध्यात काम थांबवून ‘हे त्यात धरलं नव्हतं’ म्हणणार.

• लिहून द्यायला टाळणे, बिल मागितले की ‘बिलाशिवाय स्वस्त पडेल’ म्हणणे. बिल नसले तर तुमचे चार पैसे वाचतील, पण पुरावाही राहणार नाही.

• राहण्याचा पत्ता न सांगणे, फक्त मोबाइल नंबर देणे.

• आधी केलेले काम दाखवायला काचकूच करणे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. मळके कपडे, कमी शिक्षण, तुटक बोलणे ह्या लबाडीच्या खुणा नव्हेत. आमच्या मिस्त्रीला सही करता येत नव्हती आणि पहिल्या ठेकेदाराचे कार्ड सोनेरी अक्षरांचे होते.

संकोच सोडा, विचारा

वीजकाम करणाऱ्या कंत्राटदाराला सरकारी परवाना लागतो. ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद लावायचे तर १९७२च्या कायद्यानुसार वास्तुविद्या परिषदेत नोंदणी असावी लागते. पण घराचा गिलावा, रंग, फरशी करणाऱ्या ठेकेदाराला असा कोणताही परवाना लागत नाही. आज भाजी विकणारा उद्या ठेकेदार म्हणून तुमच्या दारात उभा राहू शकतो. तेव्हा परीक्षा आपल्यालाच घ्यावी लागते.

निदान तिघांना बोलवा आणि तिघांनाही तेच काम, त्याच शब्दांत सांगा. मग विचारा: ओल कशामुळे आली? काम कोण करणार, तुम्ही स्वतः की दुसऱ्याला देणार? रोज कामावर देखरेख कोणाची? माल कोणत्या कंपनीचा? गेल्या दोन वर्षांत कोणाकोणाची कामे केली, आणि त्यांतली दोन घरे दाखवाल का?

ती घरे पाहायला जरूर जा, आणि शक्यतो एक पावसाळा उलटून गेलेले काम पाहा. नवा रंग सगळ्यांचाच छान दिसतो. घरातल्या गृहिणीला विचारा, “पुन्हा काम निघालं तर ह्यांनाच बोलवाल का?” ह्या एका प्रश्नाचे उत्तर चेहऱ्यावरच दिसते.

घर जुने असेल तर आणखी एक प्रश्न विचारा. जयपुरात, आणि आपल्याकडे पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या वाड्यांतही, जुन्या भिंती चुन्याच्या असतात. चुना ओलावा शोषतो आणि बाहेरही सोडतो. त्यावर सरसकट सिमेंटचा गिलावा चढवला तर ओल आतच कोंडते आणि पोपडे निघतात. “चुन्याच्या भिंतीला काय लावाल?” असे विचारल्यावर जो विचार न करता “सिमेंट!” म्हणतो, त्याने जुन्या घरांचे काम केलेले नाही.

बोलले ते लिहा

१८७२च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही करारच असतो. अडचण असते ती सिद्ध करण्याची. आमच्याकडे पुरावा म्हणून काय होते? एक कार्ड, तेही खोट्या पत्त्याचे! बँकेतून पैसे काढल्याची नोंद होती, पण ते कोणाला दिले हे सांगणारा कागद नव्हता.

साध्या वहीच्या पानावर लिहिले तरी चालेल, पण दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार हवेत. ठेकेदाराला लिहिता येत नसेल तर दुसऱ्याने लिहावे, त्याला वाचून दाखवावे आणि अंगठा घ्यावा. त्यात पुढील गोष्टी असाव्यात:

• दोघांची पूर्ण नावे, पत्ते आणि ठेकेदाराच्या ओळखपत्राची प्रत.

• काय करायचे, कोणत्या खोलीत, किती चौरस फूट. रंगकामात दारे-खिडक्यांचे माप धरायचे की वजा करायचे, हेही लिहा. बहुतेक भांडणे इथूनच सुरू होतात.

• माल कोणाचा, कोणत्या कंपनीचा, कोणत्या प्रतीचा.

• काम कधी सुरू आणि कधी पूर्ण होणार. उशीर झाल्यास काय.

• राडारोडा कोण उचलणार. हे ठरले नाही तर शेवटी मातीचा ढीग आपल्या दारात आणि भाडे आपल्या माथी.

• वाढीव काम निघाले तर आधी दर ठरवून, लिहून, मगच सुरू करायचे.

• काम पूर्ण झाल्यावर किती महिने जबाबदारी राहील.

पैसे द्याल तेव्हा शक्यतो चेकने किंवा बँकेमार्फत द्या. रोख दिलेच तर पावती घ्या. पाच हजारांवरील पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लावून त्यावर सही घ्यायची असते.

पैसा कामाच्या मागे चालावा

तुमचा पैसा नेहमी कामाच्या एक पाऊल मागे असावा. आगाऊ रक्कम दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नका. ठेकेदार म्हणाला, ‘मालाला पैसे नाहीत’, तर माल तुम्ही स्वतः दुकानातून आणा आणि त्याला फक्त मजुरी द्या. त्यानंतर उखडण्याचे काम झाले की एक हप्ता, गिलावा झाला की दुसरा, असे टप्पे ठरवा. शेवटचे निदान दहा टक्के गच्चीची परीक्षा होईपर्यंत हातात ठेवा. गच्चीवर पाणी साठवून एक-दोन दिवस ठेवले की गळती कळते. मात्र जुन्या पट्ट्यांच्या छतावर किती भार चालेल हे जाणकाराला विचारूनच पाणी साठवा.

आपलीही एक बाजू असते, ती विसरू नका. मजुरांचे पोट रोजच्या मजुरीवर चालते. टप्प्याचे काम झाले तर पैसे त्याच दिवशी द्या. ‘एवढं तेवढं’ म्हणत फुकटचे काम वाढवू नका. वेळेवर पैसे देणाऱ्या घरी चांगला कारागीर पुन्हा येतो. पैशांसाठी खेटे घालायला लावणाऱ्याच्या वाट्याला मग फिरते ठेकेदारच येतात.

मालावर नजर ठेवा

नेमण्याआधीच सांगून टाका, “माल आम्ही पाहू.” लबाड माणूस इथेच नाराज होतो.

सिमेंटची पिशवी ५० किलोची असते. तिच्यावर आयएसआयचे चिन्ह आणि कोणत्या आठवड्यात किंवा महिन्यात, कोणत्या वर्षी तयार झाले हे छापलेले असते. तीन महिन्यांहून जुने सिमेंट घेऊ नका, ओलाव्याने त्याची ताकद कमी होत जाते. हात घातल्यावर गाठी लागल्या तर ती पिशवी परत करा. पाणी घालून कालवलेला माल साधारण अर्ध्या तासात वापरायला हवा. जेवणाच्या सुट्टीनंतर घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तोच लावत असतील, तर काम थांबवा.

सिमेंटच्या कामावर निदान सात दिवस पाणी मारावे लागते, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा दिवस. आता बाजारात बहुतेक हेच सिमेंट मिळते. जयपूरच्या उन्हात तर पाणी मारण्यात एक दिवसही चुकू नये. पाणी कोण मारणार, हेही कागदावर असू द्या.

रंगाचे डबे तुमच्यासमोर उघडायला सांगा. काही कंपन्या डब्यात रंगाऱ्यांसाठी बक्षिसाचे टोकन ठेवतात. त्यामुळे ‘हाच रंग घ्या’ हा आग्रह तुमच्या भिंतीसाठी आहे की टोकनसाठी, हे तपासा. ओली भिंत पूर्ण वाळण्याआधी रंग लावायची घाई करणारा कोणीही तुमचा हितचिंतक नव्हे.

‘काढून टाकू, काही होत नाही!’

आमचे पैसे गेले, साड्या गेल्या. पण कधी कधी याहून फार मोठी किंमत मोजावी लागते.

मुंबईत घाटकोपरला ‘साई दर्शन’ नावाची चार मजली इमारत होती. २५ जुलै २०१७ रोजी सकाळी ती कोसळली आणि १७ माणसे मरण पावली. तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते. त्या कामात इमारतीच्या आधाराच्या खांबांना धक्का लावला गेला, असा आरोप रहिवाशांनी केला आणि पोलिसांनी गुन्हा दाखल केला. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी तो ठेकेदार नेमला नव्हता. त्याचे काम त्यांच्या पायाखाली चालू होते, एवढेच.

त्याआधी २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोड स्टेशनजवळची मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची इमारत कोसळून ६१ जणांचा जीव गेला. तिथेही तळमजल्यावरच्या गोदामात केलेल्या फेरबदलांकडे बोट दाखवले गेले.

म्हणून हॉल मोठा करण्यासाठी भिंत काढायची असो, माळा चढवायचा असो, खांब किंवा तुळई छिलायची असो, ‘काढून टाकू, काही होत नाही’ म्हणणारा ठेकेदार सगळ्यात धोकादायक समजा. कोणती भिंत भार पेलते आणि कोणती नुसती आडोसा आहे, हे ठरवायचे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचे. त्याचे लेखी मत घ्या. फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आणि गरज असेल तिथे महापालिकेची परवानगी घ्या. ‘परवानगीची गरज नाही, रात्रीत करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि तुमच्या इमारतीत दुसऱ्या कोणी असे काम काढले, तर ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून गप्प बसू नका. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची रचनात्मक तपासणी कायद्याने सक्तीची आहे. इतर गावांतही ती करून घेण्यात शहाणपण आहे.

तरीही फसलात तर

सर्वात आधी उरलेले पैसे देणे थांबवा. अर्धवट कामाचे तारखेसह फोटो काढा आणि दुसऱ्या जाणकाराकडून काय बिघडले, दुरुस्तीला किती लागतील, हे लिहून घ्या. मग ठेकेदाराला मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. पुष्कळ वेळा एवढ्यानेच माणूस जागा होतो.

न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा आधार आहे. पैसे घेऊन केलेली घराची दुरुस्ती ही ‘सेवा’ आहे आणि तिच्यातली कसूर दाद मागण्याजोगी आहे. ५० लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते, आणि पाच लाखांपर्यंत कोणतीही फी नाही. तक्रार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगाकडेही करता येते. वकील नेमलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

पैसे घेतानाच काम करायचा इरादा नव्हता असे दिसत असेल, जसे खोटे नाव, खोटा पत्ता, तर पोलिसांत फसवणुकीची तक्रारही करता येते. भारतीय न्याय संहितेच्या ३१८व्या कलमाखाली हा गुन्हा आहे. पण आयोग असो की पोलीस, पहिला प्रश्न एकच असतो: “कागद आहे का?”

आमची गच्ची त्या म्हाताऱ्या मिस्त्रीने नीट केली. लग्नाच्या आठ दिवस आधी काम संपले. त्याने स्वतःहून सांगितले होते, “शेवटचे पैसे आत्ता नको. एक पाऊस होऊ द्या.” पुढच्या आषाढात पहिला मोठा पाऊस पडला, तेव्हा तो छत्री घेऊन आला, मागच्या खोलीत जाऊन कोपऱ्यावर हात फिरवला, कोरडा तळवा सासूबाईंना दाखवला आणि मगच पैसे घेतले.

आता घरात कोणतेही काम निघाले की सासूबाई आधी शिडी दाराजवळ आणून ठेवायला लावतात. येणारा माणूस दर आधी सांगतो की शिडी आधी मागतो, हे त्या पाहतात. आजवर त्यांचा अंदाज चुकलेला नाही.